मागून गाडी येते

पुण्यात परतल्यापासून भेटेल तो एकच प्रश्न विचारतो, वऱ्हाडात ऊन किती होतं? मी तिकडे क्रांतीवर बोलायला गेले होते हे सगळ्या सोसायटीला ठाऊक आहे, कारण जाण्याआधी आठवडाभर मी तशी व्यवस्था केली होती. पण क्रांती झाली का, असं अजून एकानेही विचारलेलं नाही. तेव्हा जे तिकडे गेले नाहीत आणि उन्हाच्या धाकाने जाणारही नाहीत, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. ऊन होतं, भरपूर होतं, आणि त्याबद्दल यापुढे मी एक अक्षर बोलणार नाही. निदान प्रयत्न करेन.

माझी ओळख करून द्यायला हवी. मी राज्यशास्त्राची निवृत्त प्राध्यापक. माझं 'क्रांती का होते?' नावाचं एक व्याख्यान आहे. त्यात सात कारणं आहेत. महागाई, बेकारी, अपेक्षाभंग इथपासून सुरुवात होऊन सातव्या कारणापर्यंत मी पोचते तेव्हा मागच्या बाजूला कपबशांचा आवाज सुरू झालेला असतो. इतक्या वर्षांत हे व्याख्यान ऐकून एकही श्रोता क्रांती करायला बाहेर पडलेला नाही. सगळे चहाकडेच जातात. यात माझं काही चुकत असेल अशी शंका मला कधी आली नव्हती.

बडनेरा आणि अमरावती

गाडी सकाळी बडनेऱ्याला उतरवते. अमरावतीला जायचं तर इथेच उतरायचं, हे मला ठाऊक नव्हतं. मी अमरावतीची वाट पाहत सीटवर ऐसपैस बसून होते. शेजारच्या बाईंनी माझी बॅग उचलून दारात नेऊन ठेवली तेव्हा मी खाली आले. फलाटावर गावंडे सर उभे होते. अकोल्याच्या व्याख्यानमालेचे ते संयोजक, हसतमुख, आणि हातात झेंडूचा हार. हार त्यांनी तिथल्या तिथे माझ्या गळ्यात घातला, फोटो काढला, मग तितक्याच अदबीने काढून घेतला आणि गाडीच्या आरशाला अडकवला. संध्याकाळी सभागृहात तोच हार पुन्हा माझ्या गळ्यात आला. चार दिवसांत त्या हाराची आणि माझी चांगली ओळख झाली.

गाडीचे चालक शकीलभाई. अकोल्याचे. निम्मं मराठी, निम्मं हिंदी बोलायचे आणि दोन्हींत कमी बोलायचे. त्यांनी गाडी थेट एका टपरीपुढे थांबवली, कारण गिला वडा खाल्ल्याशिवाय अमरावतीत शिरायचं नसतं असा इथला नियम दिसला. वडा म्हणून मी हातात धरायला गेले तर तो बशीत पसरलेला, दह्यात बुडलेला, वरून चटणी. चमच्याने खायचा असतो. पहिल्याच घासाला साडीवर ठिपका पडला. आमच्याकडे पाहुण्याला काही घेणार का असं विचारतात आणि उत्तराची घाई करत नाहीत. इथे विचारतच नाहीत, दुसरी बशी पुढे सरकवतात. मी ती संपवली.

संध्याकाळच्या व्याख्यानाला सभागृहात चार मोठे कुलर लावले होते. ते चालू असताना माझा आवाज पहिल्या रांगेपलीकडे जात नव्हता. मी बंद करायला सांगितले तर तिसऱ्या कारणापर्यंत मागच्या दोन रांगा रिकाम्या झाल्या. पुन्हा चालू केले तर लोक परत आले. व्याख्यान आणि कुलर यांत श्रोत्यांनी एकमताने कुलर निवडला, आणि मी सातही कारणं पंख्याच्या घरघरीला समजावून सांगितली.

शेवटी प्रश्नोत्तरं. बडनेऱ्याचे एक गृहस्थ उठले, रेल्वेतून निवृत्त झालेले. त्यांनी मात्र सगळं ऐकलं होतं, ते कुलरपासून लांब बसले असावेत. म्हणाले, "मॅडम, तुमचे साती कारनं आमच्याकडे हायेत. मंग होऊन काहून नाई राहिली?"

मी म्हणाले, फार चांगला प्रश्न आहे. उत्तर नसलं की आम्ही प्राध्यापक हेच म्हणतो. तेवढ्यात आभारप्रदर्शन सुरू झालं आणि मी वाचले. रात्री झोपताना मात्र त्यांचा चेहरा समोर येत राहिला. ते चिडले नव्हते. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं, आणि याचाच मला जास्त राग आला.

जठारपेठ

दुसऱ्या दिवशी अकोला. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना काळी जमीन, पीक निघून गेलेलं, कपाशीच्या वाळक्या काड्यांचे ढीग बांधावर. गावंडे सरांचं घर जठारपेठेत आहे. घरात शिरल्याबरोबर नजरेत भरतात ते पाण्याचे ड्रम. अंगणात ड्रम, जिन्याखाली ड्रम, न्हाणीत ड्रम. नळाला रोज पाणी येत नाही, चारदोन दिवसांआड येतं. ज्या दिवशी येणार त्या दिवशी घरातलं एक माणूस घरीच थांबतं. कोणी थांबायचं हे वहिनी ठरवतात. भाच्याच्या साखरपुड्याला जायचं की नाही हेही त्यांनी पाण्याचा दिवस पाहून ठरवलं होतं. हे त्यांनी मला कौतुकाने सांगितलं, तक्रार म्हणून नाही. पुण्यात आमच्याकडे एक दिवस पाणी उशिरा आलं तर सोसायटीच्या ग्रूपवर सचिवाचा राजीनामा मागितला जातो.

"आमचे लोक फार सोशिक," गावंडे सर अभिमानाने म्हणाले. जणू हा इथे पिकणारा माल आहे.

जेवायला रोडगे आणि वांग्याची भाजी होती. रोडगा म्हणजे गोवऱ्यांच्या आरावर भाजलेला कणकेचा गोळा. तो फोडायचा, तुपात बुडवायचा आणि भाजीबरोबर खायचा. पहिला रोडगा संपेपर्यंत मला वाटलं आपण हलकं जेवतो आहोत. दुसऱ्यानंतर मला उठताना खुर्चीच्या हातांची मदत लागली. वहिनी तिसरा घेऊन उभ्याच होत्या.

जेवताना सरांनी उद्याचा बेत सांगितला. व्याख्यान अकोटला, तिथल्या कॉलेजात. पण अडचण अशी की कॉलेजात सध्या प्रॅक्टिकल परीक्षा सुरू, मुलं लॅबमध्ये, तर सभागृहात बसणार कोण? त्यावर सरांनी तोडगा काढला होता. श्रोते अकोल्यातून न्यायचे. डेपोत त्यांची ओळख होती, सकाळची अकोटची एक एसटी त्यांनी सांगून ठेवली होती. पुढे बॅनर लागणार, सर स्वतः त्या गाडीत बसणार, आणि मी मागून शकीलभाईंच्या गाडीने आरामात यायचं.

माझ्या व्याख्यानासाठी एसटी. आता इथे खोटं कशाला बोलू, मी सुखावले. रोजच्या गाडीतून रोज कोण जातं, हा प्रश्न राज्यशास्त्राच्या निवृत्त प्राध्यापिकेच्या मनात आला नाही. वाटीत तूप होतं.

सावरगाव फाटा

अकोल्याहून अकोटला जाणाऱ्या रस्त्यावर सावरगाव फाटा आहे. फाट्याच्या एका अंगाला गाव, दुसऱ्या अंगाला बौद्ध वस्ती, आणि बरोबर मधे कडुनिंबाखाली एसटीचा थांबा. तिथे पोचलो तर पुढे ट्रक, ट्रकपुढे टेम्पो, टेम्पोपुढे आणखी काहीबाही. शकीलभाई उतरून पाहून आले.

"मॅडम, रस्ता बंद है. पोरी बसल्या."

मी उतरले. निवृत्तीपासून साताठ वर्षं मी बसूनच असते, चालत जाऊन क्रांती पाहण्याची ही पहिलीच वेळ. कडुनिंबाची सावली रस्त्यावर पडली होती आणि त्या सावलीत कॉलेजच्या मुली या कडेपासून त्या कडेपर्यंत बसल्या होत्या. दप्तरं पुढ्यात, तोंडाला ओढण्या गुंडाळलेल्या. आरडाओरडा नाही, घोषणा नाहीत. त्यांचे नियमही ठरलेले दिसले. रुग्णवाहिका सोडायची. लग्नाची गाडी सोडायची, पण आत नवरदेव आहे याची खात्री करून. माझ्यासमोर एका मुलीने एका जीपमध्ये वाकून पाहिलं, नवरदेव ओशाळून हसला, आणि जीप गेली. आमच्या गाडीच्या आरशावरचा हार पाहून तिने आतही डोकावलं. आत फक्त शकीलभाई होते. गाडी सुटली नाही.

मी पुढे होऊन मी पुण्याची प्राध्यापक आहे असं सांगितलं. त्याचा काही परिणाम झाला नाही. मग मागण्या विचारण्याच्या माझ्या सवयीने मी विचारलं, तुमच्या मागण्या काय आहेत? तेव्हा मधोमध बसलेली एक उंच मुलगी बोलायला लागली. तिचं नाव प्रतीक्षा, बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला. तिच्या मांडीवर प्रॅक्टिकलचं जर्नल होतं आणि त्यावर दोन्ही हात घट्ट होते. तिने सांगितलं ते थोडक्यात असं. आज तिचं आणि इथल्या काही जणींचं केमिस्ट्रीचं शेवटचं प्रॅक्टिकल. परीक्षक बाहेरगावचे. वेळेत पोचलं नाही की गैरहजेरी, आणि गैरहजेरी म्हणजे वर्ष गेलं. वर्ष गेलं तर घरचे पुढे शिकवतील की लग्न लावतील, हे तिने सांगितलं नाही, पण शेजारच्या मुलीने जर्नलवरचे तिचे हात पाहिले आणि मीही पाहिले. इथे जलद गाड्या थांबत नाहीत. थांबते ती सकाळची एकच. काळीपिवळ्या, म्हणजे भाड्याच्या जीपगाड्या, लग्नसराईत लग्नांना गेलेल्या.

मी मनात कारणं मोजायला लागले. ही गाडी वर्षभर उशिरा येत होती. तिच्या निम्म्या खिडक्यांना काचा नव्हत्या. डेपोत निवेदनं देऊन झाली होती. पावसाळ्यात तर ती आठवडा आठवडा यायचीच नाही. माझ्या हिशेबाने हा रस्ता वर्षापूर्वीच बंद व्हायला हवा होता. म्हणून मी तेच विचारलं, एवढं सगळं सोसलंत, मग आजच का?

"गाडी नसती आली न मॅडम," प्रतीक्षा म्हणाली, "तर आमी ट्रकवाल्याले हात दिला असता. पायी निंगालो असतो. पन गाडी आली. रिकामी आली. वानखडेकाकानं आमच्याकडे पाह्यलं, अन् हात असा केला."

तिने हात वर केला आणि पंजा मागच्या बाजूला हलवला. ही खूण मी जन्मभर पाहिली आहे आणि तुम्हीही. एसटीचा ड्रायव्हर थांब्यावर गाडी न थांबवता असा हात करतो, म्हणजे मागून दुसरी गाडी येते.

"मागून गाडी नाई, हे काकाले मालूम होतं," ती म्हणाली. "आमाले बी मालूम होतं. अन् आमाले मालूम हाय हेबी काकाले मालूम होतं."

"तरी हात केला?"

"तरी केला."

ओढण्यांच्या वर सगळ्या मुलींचे डोळे एकसारखे दिसत होते. मला पुढे कळलं की एरवी या मुली थांब्यावर दोन घोळक्यांत उभ्या असतात, गावाकडच्या झाडाच्या अलीकडे आणि वस्तीकडच्या पलीकडे. आज एकच रांग होती. आमच्या विभागाने सामाजिक एकोप्यावर जी चर्चासत्रं घेतली त्यांत जेवणं उत्तम होती, एवढंच मी सांगू शकते. हे काम वानखडेकाकांच्या एका हाताने केलं.

मग मी तो मूर्ख प्रश्न विचारला. एवढी रिकामी गाडी निघाली कुठे होती?

"बॅनर होता समोर," दुसरी एक मुलगी म्हणाली. "क्रांती का होते, असं लिहलं होतं. आत एकच सर बसले होते. कोन्या तरी मॅडमचं भाषन हाय अकोटले."

माझ्या मागे गाडीचं दार उघडल्याचा आवाज आला. शकीलभाईंनी आरशावरचा हार काढला, डिकी उघडली आणि हार आत टाकून डिकी लावली. एवढा समंजस माणूस मला त्या प्रवासात दुसरा भेटला नाही.

"ती मॅडम मी," मी म्हणाले.

मला मनापासून लाज वाटली. ती कुठे ठेवावी ते कळेना. शेवटी प्रतीक्षा म्हणाली, "मंग काका खोटं नाई बोलले. मागून तुमी आल्या न." त्यावर ओढण्यांच्या आत हसू फुटलं, आणि मला वाटलं की फटका खाऊन इतकं बरं मला आधी कधी वाटलं नव्हतं.

गाडी माझी नव्हती, तरी ती मी उदारपणे देऊ केली. प्रॅक्टिकलवाल्या सगळ्या कोंबून बसतील, शकीलभाई त्यांना कॉलेजात सोडतील. शकीलभाईंनी आधीच मागची सीट मोकळी करून ठेवली होती. पण प्रतीक्षा उठेना. ती म्हणाली, आम्ही उठलो की रस्ता सुरू, आणि रस्ता सुरू झाला की उद्या काका पुन्हा हात करतील. एका बाजूला तिचं वर्ष, दुसऱ्या बाजूला हा रस्ता. मी क्रांतीवर इतकी वर्षं बोलले, पण या ठिकाणी माणसाने काय करायचं ते माझ्या सात कारणांत कुठेच नव्हतं. घड्याळाकडे पाहायचं धाडसही होईना.

तेवढ्यात वस्तीकडून तिची आई आली, आशाबाई. शाळेत मुलांचा पोषण आहार शिजवतात, हाताला अजून पीठ होतं. त्यांनी लेकीला दंडाला धरून उठवलं आणि तिच्या जागी स्वतः बसल्या.

"तू जाय," त्या म्हणाल्या. "रस्ता कुठं पळून नाई चालला. आमी बसलो न."

त्यांच्यामागून गावाकडूनही बायका आल्या आणि उठलेल्या मुलींच्या जागा एकेक करून भरल्या. गाडी मुलींनी भरली, जर्नलं छातीशी धरून त्या निघून गेल्या. मी उभीच. एका म्हाताऱ्या बाईने माझ्याकडे पाहून पोतं अंथरलं. "बसा न जी, उभ्या काहून?" गुडघे आधीच बोलत होते. मी बसले. पुण्यात कोणी मला असं पाहिलं असतं तर सोसायटीत महिनाभर विषय पुरला असता.

बसून राहणं हे क्रांतीतलं मुख्य काम आहे आणि ते फार कंटाळवाणं असतं, ही गोष्ट पुस्तकांत नसते. मधे भाकरी आल्या, चून म्हणजे आपलं पिठलं आलं, कांदा आला. अडकलेला ट्रकवाला आधी तावातावाने भांडायला आला होता. त्यालाही भाकरी मिळाली, मग तो आमच्याच बाजूचा झाला. चहा दोन्हीकडून आला. कोणाच्या घरचा कुठला हे कोणी विचारलं नाही. एरवी विचारतात का, ते मी आशाबाईंना विचारलं. त्यांनी कप पुढे केला.

गावंडे सरांचे फोन येत होते. मॅडम, कुठे आहात? सभागृह सज्ज आहे. श्रोते किती, मी विचारलं. ते म्हणाले, बॅनर उत्तम लागलंय. मी रास्ता रोकोत बसले आहे असं सांगितल्यावर ते मोकळेपणाने हसले आणि पुणेरी विनोद आपल्याला आवडतो म्हणाले.

पुढे पोलीस आले, आणि त्यांच्या फोनवर डेपोचे साहेब आले. साहेब देऊ करत होते ते ऐकून मी थक्क झाले. गाडी रोज वेळेवर. वाटल्यास जादा फेरी. थांब्याला नवा फलक. ड्रायव्हरची चौकशी, हवं तर निलंबन. आशाबाईंनी फोन हातात घेतला.

"काकाले काढू नका," त्या म्हणाल्या. "काकालेच पाठवा. त्याहिनं इथं उतरून सांगाव, मागून गाडी नोती म्हनून."

पलीकडून विचारलं गेलं, अजून काय?

"अजून काई नाई."

साहेबांना ते समजेना. त्यांनी दोनदा विचारून घेतलं. शेवटी हो म्हणाले. मग बायका उठल्या, पदर झटकले आणि भांडी गोळा केली.

दुपारी मुली परतल्या. प्रतीक्षा गाडीतून उतरली तीच हसत. उशीर झाला होता, लॅबचं दार उघडं होतं, पण परीक्षक जागेवर नव्हते. परीक्षक कुठे होते? सभागृहात, पहिल्या रांगेत. खुर्च्या रिकाम्या दिसू नयेत म्हणून गावंडे सरांनी त्यांना सन्मानपूर्वक नेऊन बसवलं होतं, आणि ते तिथे माझी वाट पाहत होते. वक्ता येत नाही अशी खात्री झाल्यावर ते लॅबकडे वळले आणि मग परीक्षा सुरू झाली. माझ्या व्याख्यानाने कुणाचं तरी भलं झाल्याचं हे एकमेव उदाहरण. त्यासाठी मला ते द्यावं लागलं नाही.

पुन्हा तोच फाटा

त्या रात्री मी आशाबाईंकडे राहिले. व्याख्यान दुसऱ्या दिवशी घेऊ असं गावंडे सरांनी कळवलं होतं, आणि गाडी पाठवतो म्हणाले तर मी बाणेदारपणे सांगितलं की मी जनतेच्या गाडीने येईन. असं वाक्य तोंडातून गेलं की परत घेता येत नाही.

सकाळी थांब्यावर चहावाल्याकडे पेपर होता. आतल्या पानावर माझा फोटो. रस्त्यात बसलेल्या मुली आणि बायका, मधे मी, आणि खाली मजकूर, विद्यार्थिनींनी केले मॅडमचे उत्स्फूर्त स्वागत. शेजारी बातमी की अकोट येथे खचाखच भरलेल्या सभागृहात मी क्रांतीच्या सात कारणांवर मार्गदर्शन केले. बातमी बहुधा व्याख्यानाच्या आदल्या दिवशीच गेली असावी. आशाबाईंनी फोटो नीट पाहिला. त्यांच्या पदरावरचं पीठ त्यात दिसत होतं, याचं त्यांना वाईट वाटलं.

साहेबांचं बोलणं गावभर झालं होतं, त्यामुळे थांब्यावर जत्रा जमली. कालच्या बायका, पोरंसोरं, ट्रकवाला नव्हता एवढंच. आणि गाडी आली. वेळेवर आली. पाटीही होती. थांबली, दार उघडलं, आणि मुली चढल्याच नाहीत. आत बसलेले प्रवासी चुळबुळायला लागले. कंडक्टरने चला चला केलं. मुली झाडाखाली उभ्या.

वानखडेकाका उतरले. मी मनात एक माजोरडा माणूस रंगवून ठेवला होता. हे तर साधे, चष्म्याला दोरी बांधलेले, निवृत्तीला आलेले गृहस्थ. ते मुलींसमोर येऊन उभे राहिले. मग म्हणाले की वरून सांगितलं होतं, कुठेच थांबायचं नाही, सभेला उशीर होईल. लांबून या मुली दिसल्या. ओळखीच्या. तोंड फिरवून जाणं जमेना आणि थांबणंही जमेना. हात आपोआप वर गेला.

प्रतीक्षा वाट पाहत होती.

"मागून गाडी नोती," काका म्हणाले. "मले मालूम होतं."

"बस काका," प्रतीक्षा म्हणाली. "एवढंच."

काकांनी चष्मा काढून पुसला आणि परत आपल्या जागेवर जाऊन बसले. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. माझे डोळे भरून आले होते, ते मी उन्हावर ढकललं. बडनेऱ्याच्या त्या गृहस्थांचा पत्ता घेऊन ठेवला नाही याचं मला त्या क्षणी फार वाईट वाटलं. त्यांना फोन करून सांगण्यासारखं आता माझ्याकडे काहीतरी होतं. ते काय आहे हे शब्दांत नीट मांडावं म्हणून मी पर्समधून कागद काढला, चष्मा शोधला, पेन शोधलं, आणि झाडाला टेकून लिहायला लागले.

मी मान वर केली तेव्हा थांबा रिकामा होता. मुली चढल्या होत्या, आणि मुलींपाठोपाठ कालच्या सगळ्या बायकाही चढल्या होत्या. आपण आणलेली गाडी कशी चालते ते त्यांना अकोटपर्यंत जाऊन पाहायचं होतं. आशाबाई खिडकीशी. दारात पाय ठेवायला जागा नव्हती. कंडक्टरने दोन घंट्या दिल्या.

मी पर्स सावरत धावले. धावले म्हणजे माझ्या वयात जे करतात ते. गाडी हलली होती. मागच्या खिडकीतून प्रतीक्षाने मला पाहिलं. तिचे दोन्ही हात आज मोकळे होते. तिने एक हात बाहेर काढला, पंजा मागच्या दिशेने हलवला आणि दात दाखवून हसली.

"मॅडम, मागून येते!"

गाडी वळणाआड गेली. मी मागे पाहिलं. अकोल्याकडचा रस्ता सरळ आहे, लांबवर दिसतो. काही नव्हतं. गावंडे सरांचा फोन वाजायला लागला. सभागृह सज्ज होतं.

मी तो वाजू दिला. मग कडुनिंबाच्या सावलीकडे पाहिलं. ती कालच्यासारखीच रस्त्याच्या मधोमध पडली होती, आणि कालचं पोतं कुणीतरी तिथेच कडेला ठेवलेलं होतं.